शिसवाची शेवटची फळी

गोष्ट २०१७ सालची. डिसेंबरात पाचगणीवर असं धुकं उतरलं होतं, की खिडकीतून पाहिलं तर स्ट्रॉबेरीचे वाफे पाण्यावर तरंगल्यासारखे दिसत. जतचा नाथाजी सुतार सोनियाच्या स्वयंपाकघरात शिसवी ओटा बसवायला आला होता.

फळी सोनियाच्या सासऱ्यांची, तात्याबांची. त्यांनी जोडलेल्या लाकडाच्या सांध्यात नख शिरत नाही, अशी सांगलीत त्यांची ख्याती. ते गेले तेव्हा कारखान्यात ही एकच लांब फळी उरली होती. तिचे दोन तुकडे काटकोनात जोडायचे होते. काप चुकला तर दुसरी फळी नव्हती.

भिंतीवर तात्याबांचा फोटो होता. दोन्ही हात फळीवर टेकलेले.

"दहाच्या दहा बोटं शाबूत," नाथाजी म्हणाला. "चाळीस वर्षं मशीनवर, आन् ओरखडा न्हाई! आमच्या वस्तादांचा अंगठा राऊटरनं नेला. पट्टी लावल्यागत सरळ."

"माणूस जपून हुता," कोपऱ्यात शाल लपेटून बसलेल्या अंबूबाई म्हणाल्या. तात्याबांची बायको. "काम करताना दाराला कडी. आत कुणाला सोडायचं न्हाईत. चहा न्यायला तेवढी मी."

त्यांनी चहाचा कप नाथाजीपुढे केला. डाव्या हाताने.

नाथाजीचा चेहरा उतरला. भिकाऱ्यालाही कुणी असं देत नाही. चहाबरोबर त्याने अपमानही गिळला.

मग तो कामाला लागला. राऊटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कापणारं हातयंत्र, ज्याच्या कडेने फिरवायचं, तो फर्मा त्याने पहिल्या तुकड्यावर शिकंज्यांनी आवळला. प्लग काढून पातं बसवलं. चष्मा, मास्क, हातमोजे चढवले.

"हातमोजं काढ," अंबूबाई म्हणाल्या.

"आवं मावशी, सेफ्टी हाय ती."

"पात्यात गुततं, आन् हात वढून नेतं. काढ."

म्हातारीशी कोण वाद घालणार? त्याने ते काढले. पहिला काप छान झाला. दुसऱ्या तुकड्यावर फर्मा आवळून तो बटण दाबणार, तोच आवाज आला.

"थांब रं. फळी पालथी कर."

"का वो?"

"पातं दर्शनी कडंतनं आत शिरलं पायजे. बाहीर पडलं तर कड फुटंल."

नाथाजीने पाहिलं आणि शिकंजे सोडून फळी पालथी केली. खरंच, एका क्षणात फळी गेली असती.

"तुमाला कसं ठावं?"

"चहा नेताना बघितलंय. आन् एका दमात खाली दाबू नगं. थोडं थोडं, चार-पाच फेऱ्यांत घे."

राऊटर घुमू लागला. बाहेर धुकं विरलं होतं; शिसवाचा भुसा उन्हाच्या तिरिपेत सावकाश तरंगत राहिला. अंबूबाईंनी डोळे मिटले होते. आवाज जरा जड झाला की त्या म्हणत, "हळू." शालीच्या आत काहीतरी राऊटरच्या चालीने डावीकडून उजवीकडे सरकत होतं. थंडीने हात चोळत असाव्यात, नाथाजीला वाटलं.

सांधा बसला. सोनियाने नख घालून पाहिलं, शिरलं नाही.

"अगदी मामंजींचं काम!" ती म्हणाली. अंबूबाई फोटोकडे पाहून हसल्या.

सोनिया अजून त्याच ओट्यावर भाकरी थापते. तात्याबांच्या नावाने सांगलीत सुतारांना दरसाल एक बक्षीस दिलं जातं. नाथाजीने साताऱ्यात स्वतःचं वर्कशॉप काढलं, आणि तिथे हातमोजे घालून मशीनला कुणी हात लावत नाही. पण डाव्या हाताचा तो चहा त्याच्या मनातून कधी गेला नाही.

चार वर्षांनी अंबूबाई गेल्या. नाथाजी अंत्यदर्शनाला आला. शाल बाजूला होती आणि बायांनी अंबूबाईंचे दोन्ही हात छातीवर ठेवले होते. उजव्या हाताला अंगठा होता, करंगळी होती. मधली तिन्ही बोटं पट्टी लावल्यागत सरळ गेलेली होती.