वाढवलेलं दुकान

"माय, कशाला उन्हातान्हाचं येतीस? सणाला मीच येतो की," भिकन फोनवर पुन्हा म्हणाला.

"सणाचं सणाला बघू. मला तुझं दुकान बघायचं हाय," कस्तुराबाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

भिकनच्या तोंडचं पाणी पळालं. शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं, त्यात हेही गेलं.

तसा तो खोटं बोलला नव्हता. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीतलं टीव्ही दुरुस्तीचं दुकान त्यानं दिवाळीआधी कायमचं बंद केलं, तेव्हा आईला फोनवर एवढंच म्हणाला होता, "माय, दुकान वाढवलं." आपल्याकडं बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानालाही बंद म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही, ही रीत. पण रानात मेंढरं वळणाऱ्या बाईला दुकानदारांची बोली कुठून ठाऊक असणार?

त्यावर आई म्हणाली होती, "व्हय का? म्या बी औंदा मेंढरं वाढवली, बाबा."

ते ऐकून भिकनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वैजापूरकडं माणसांना टँकरचं पाणी, आणि एकट्या म्हातारीनं कळप वाढवला! आपण मात्र शहरात राहून असलेलं घालवलं. खरं सांगायला त्याची जीभ उचलली नाही. जन्मभर लोकांचे टीव्ही दुरुस्त केले, पण हा एक शब्द काही त्याच्याच्यानं दुरुस्त झाला नाही.

लासूर स्टेशनला तो हे काम शिकला, तेव्हा टीव्ही पेटीएवढे असत आणि मेकॅनिकला घरात चहा मिळे. पुढं शहर वाढलं, टीव्ही चपटे होऊन भिंतीला चिकटले, आणि बिघडला की लोक सरळ नवा आणू लागले. दुकानात माशा मारायची पाळी आली. मग बायको, ज्ञानेश्वरी म्हणाली, "तुम्हाला येतंय ते मोबाइलवर दाखवा." आता तो भाड्याच्या खोलीत, पोपडे झाकायला चादर टांगून, दुरुस्तीचे व्हिडिओ बनवत होता. लोक बघत होते, नावाजतही होते. पण प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी "लाईक करा, सबस्क्राईब करा" म्हणताना त्याची मान खाली जाई. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून आईनं पाच घरी पदर पसरून ह्याला जगवलं, भिकन नाव ठेवलं. आणि आता हा स्वतःच पदर पसरत होता, तोही साऱ्या जगापुढं.

"सांगून टाका ना खरं," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"आन् तिला ही खोली दाखवू? कोणत्या तोंडानं?"

त्यापेक्षा तो इंद्रजीतकडं गेला. जालना रोडवर इंद्रजीतचं टीव्हीचं भलंमोठं दुकान होतं. भिकननं एकदा त्याच्या दुकानाचा व्हिडिओ केला होता, तेव्हापासून दोघांचं जमलं होतं.

"एक दिवस मालक हो की," इंद्रजीत हसून म्हणाला. "मी गिऱ्हाईक होतो. फक्त मला हाकलू नको."

कस्तुराबाई आली ती भलंमोठं गाठोडं घेऊन. लेकासाठी बाजरी आणली असणार, असं भिकनला वाटलं. तिनं ते कुणाला उचलू दिलं नाही. थंडगार दुकानात, भिंतभर टीव्हींपुढं, ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

"समदं तुझंच?"

"व्हय, माय," भिकन गल्ल्याकडं बघत म्हणाला.

तेवढ्यात एक पोरगेला गिऱ्हाईक आत आला आणि थबकला. "अरे, आप तो वो व्हिडिओवाले भिकनभाऊ! एक सेल्फी हो जाए?"

भिकननं कसाबसा फोटो काढू दिला आणि त्याला दाराबाहेर लावलं.

"काय म्हणत व्हता रं?" कस्तुराबाईनं विचारलं.

"काय नाय. भाव इचारत व्हता."

तिनं गाठोडं पायाशी ओढून घेतलं. पलीकडं इंद्रजीत आपल्याच दुकानात रिमोटची किंमत विचारत उभा होता. भिकननं घाईनं विषय बदलला. "मेंढरं कुणाकडं ठेवलीस?"

"हायेत की, ज्याच्या त्याच्या जागी."

"आन् चारा?"

"चाऱ्याची चिंता मिटली, बाबा."

असं बोलणाऱ्या आईपुढं आपण दुसऱ्याच्या खुर्चीत बसून मालकी मिरवतोय, ह्याची भिकनला इतकी लाज वाटली, की तिनं डोक्यावरून हात फिरवला तेव्हा तो नकळत मागं सरकला. आता कसंही करून तिला गाडीत बसवायचं. ती तुझ्या घरी ने म्हणाली असती, तर सगळंच उघडं पडलं असतं.

ऊन कलायच्या आत त्यानं तिला बसस्थानकावर आणलं. वैजापूरची गाडी लागलेलीच होती.

"सूनबाईला भेटले असते," ती म्हणाली.

"ती माहेरी गेलीय. घराला कुलूप हाय." दिवसभरातलं हे तिसरं खोटं, पण तेच सगळ्यात जड गेलं. "बस ना, माय. जागा जाईल. मेंढरं वाट बघत असतील."

कस्तुराबाई गाडीच्या पायरीशी उभी राहिली, चढली नाही. कंडक्टर ओरडत होता. तिनं गाठोडं खाली टेकवलं आणि लेकाच्या तोंडाकडं न बघता, अगदी हळू म्हणाली,

"कोण वाट बघतंय रं तिथं? तू दुकान वाढवलंस ना भिकन, तशीच म्या मेंढरं वाढवली."