डावा हात

किल्ल्याच्या आडोशाला पाणी अगदी नितळ असतं. तिथे भिवाने आयुष्यभर पर्यटकांना समुद्रातले मासे दाखवले. बायकोलाही तो रोज बोलवायचा, पण घरी उतरणाऱ्या पाहुण्यांच्या रांधपातून, चुलीपुढून शेवंतीला कधी सवडच झाली नाही.

मग त्याला अर्धांगवायू झाला. उजवं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. आज धाकट्या भावाने त्याला उचलून होडीत बसवलं, तेव्हा भिवाने डाव्या हाताने पाण्याखाली बघायचा आपला मास्क शेवंतीपुढे धरला.

ती पाण्यातून वर आली ती ओरडतच. "अहो, पिवळ्या पट्ट्यांचे मासे! पोवळ्यांतून आतबाहेर करतत! तुम्ही सांगायचात तसेच!"

भिवा तिच्याकडे बघतच नव्हता. होडीच्या कडेवरून वाकून तो पाण्यात बघत होता. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

शेवंती पोहत होडीजवळ आली. तिने त्याचा डावा हात धरला आणि मनगटापर्यंत पाण्यात सोडला. थोड्या वेळाने बारके मासे येऊन त्याची बोटं लुचू लागले. भिवाने डोळे मिटून घेतले.

"वयनी, जावया परत?" दिराने विचारलं.

"रव रे जरा," ती हळूच म्हणाली. "हे अजून पाण्यात आसत."