हात काढा

पाचव्या लाइफ जॅकेटचं बक्कल खटकन लावून सुलोचना खाडीत उताणी झाली. पर्यटक यायच्या आधी माळ्यावरची जॅकेटं खाली काढायची आणि तिने ती घालून पाण्यात पडून बघायचं, हा दरवर्षीचा रिवाज. जन्म खाडीकाठी गेला तरी तिला पोहता येत नव्हतं, म्हणूनच हे काम तिचं. पोहणाऱ्याचे पाय आपोआप हलतात. मग जॅकेट तरंगलं की माणूस, कळणार कसं?

तिचा नवरा, होडीवाला सहदेव, शेजारी छातीभर पाण्यात उभा होता. "पास," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने एकही जॅकेट नापास केलं नव्हतं.

या खेपेला जॅकेट जरा वर सरकलं आणि तिला कमरेखाली काहीतरी लागलं. त्याचा तळहात.

"हात काढा! मी तुमच्या हातार तरंगतंय, जाकेटार न्हय. उद्या पावण्यांच्या पोरांखाली कोण हात धरतलो?"

सहदेवने हात काढला, तशी ती गपकन नाकापर्यंत बुडाली. त्याने तिला वर ओढलं, खोकला थांबेपर्यंत धरून ठेवलं. मग काठावर जाऊन त्या जॅकेटचे पट्टे कोयत्याने कापून टाकले.

"आधीची चारय परत घाल," तो पडेल आवाजात म्हणाला.

त्या चारांनी तिला नीट तारलं. "झाला. भायर ये गो."

"वायच थांबा," ती डोळे मिटून म्हणाली. तिला आता मजा येत होती.

सहदेव थांबला. हात आपोआप पुढे जाऊ नयेत म्हणून त्याने ते पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.