अंगातलं पोहणं

कस्तुरीने काठाची दांडी सोडलीच नाही. बाकीची मुलं पाय मारत, पाणी उडवत पलीकडे गेली. ही मात्र हनुवटीपर्यंत पाण्यात, डोळे घट्ट मिटून. शिकवणाऱ्या गॅब्रिएलाने प्रेमाने सांगितलं, हात सरळ कर, पोट वर घे, बुडबुडे सोड. तिने बुडबुडे सोडले. दांडी नाही सोडली. पुढच्या शनिवारी तिचा वर्ग खोल पाण्यात जाणार होता, आणि तिला एकटीला पुन्हा चार-चार वर्षांच्या पोरांत बसावं लागणार होतं.

मुरलीधर आजोबा टॉवेल मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. लंडनमधल्या पिनरला लेकीकडे येऊन त्यांना तीन महिने झाले होते, आणि दर शनिवारी त्यांचं एकच म्हणणं असे. पोहणं काय शिकवायचं असतं? ते अंगात असावं लागतं. ते स्वतः सहाव्या वर्षी गावच्या बारवेत उतरले आणि मासोळीसारखे सुटले. ना मास्तर, ना बुडबुडे. ऋजुता म्हणायची, बाबा, निदान तिच्यासमोर तरी नका बोलू.

त्या दिवशी टॉवेलात गुंडाळलेली नात दात वाजवत म्हणाली, "मी नेक्स्ट वीकपासून नाही येणार. इट्स ओके, आजोबा. तुम्ही बोलता ना, अंगात पाहिजे. माझा अंगात नाही आहे."

ती रडत नव्हती. आठ वर्षांचं पोर इतकं समजुतीने बोललं, तेच आजोबांना लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तलाव सगळ्यांसाठी खुला असतो त्या वेळी, आजोबा जावयाची चड्डी नाडीने आवळून कस्तुरीला घेऊन पाण्यात उतरले. पाणी कोमट होतं, कमरेइतकं, नितळ. शिकवतात कसं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तरी त्यांचा तळहात आपणहून तिच्या पोटाखाली गेला, बेंबीच्या जरा वर, जशी काही त्याची जागा तिथे ठरलेलीच होती. दाबायचं नाही, उचलायचं नाही, नुसतं असायचं. ते हलक्या आवाजात एक-दोन, एक-दोन मोजू लागले. आधी तिची मान सैल झाली. मग खांदे. मग पाय आपले आपण हलू लागले. कुठल्याशा दोनवर आजोबांनी हात अलगद काढून घेतला, आणि तसेच मोजत तिच्या शेजारून चालत राहिले.

घरी वरणभात खाता खाता कस्तुरीने आईला सांगितलं की आजोबा नुसते बाजूला चालत होते, पोहायला तिला आपोआपच आलं. ऋजुताने बाबांकडे पाहिलं. बाबा भातावर तूप वाढून घेत होते.

जेवणानंतर त्यांनी वाईला थोरल्या बहिणीला, अक्काला, फोन लावला. तिकडे दिवेलागण झाली होती. आजोबांनी सगळं रंगवून सांगितलं. हात कधी काढला ते पोरीला कळलंसुद्धा नाही, अक्का, आणि आता म्हणते कशी, मला कुणी शिकवलंच नाही.



"बारवेत पाण्यातल्या पायरीवर पंधरा दिवस परकर खोचून उभी होते मी, मुरली," अक्का म्हणाली. "घरी येऊन तूही आईला हेच सांगितलंस."