अनुयाची कबुली

मिरच्या जळून कोळसा झाल्या, पण ठसका काही आला नाही.

“बघा!” सुनीताबाई म्हणाल्या. “एव्हाना घरभर खोकला उठायला हवा होता. केवढी जबरदस्त दृष्ट लागलीय माझ्या नातवाला!”

शेगडीवरचा एक्झॉस्ट फॅन घोंघावत होता. तो लावल्याशिवाय या घरात साधी फोडणी देता येत नाही, लगेच स्मोक अलार्म बोंबलतो. सगळा ठसका बाहेर जॉन्सनव्हिलच्या परदेशी हवेत निघून गेला होता. पण हे कुणाच्या डोक्यात येईल तर शपथ! मराठी मंडळातल्या चांगल्या शिकलेल्या चार बायका जमल्या होत्या तिथं, त्यातल्या दोघी इंजिनीअर.

दहा महिन्यांचा कुशल आजीच्या मांडीवर निपचित पडला होता. बेल वाजली तशी त्याची आई, वल्लरी, धावत गेली आणि अनुयाला घेऊन आली. सासूच्या नकळत तिनंच फोन केला होता.

अनुया हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. इथं डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळायला आठवडा लागतो, म्हणून मराठी मंडळात कुणाचंही पोर शिंकलं की पहिला फोन तिलाच. ती येऊन कपाळाला हात लावायची आणि दोन दिवसांत ते पोर पुरतं आजारी पडायचं. पोरं पडतातच. पण चार-पाचदा असं झालं आणि बायका बोलायला लागल्या, अनुयाचा हात लागला की आजारपण आलंच.

“अगं, छाती बघ त्याची! बरगड्या आत ओढल्या जातायत. तो धूर बंद करा आधी!” अनुया म्हणाली.

“धूर सोसवत नाही बघ हिला,” मागून कुणीतरी कुजबुजलं.

अनुयानं फोन लावला. अ‍ॅम्ब्युलन्सला वीस मिनिटं लागणार होती. “वल्लरी, गाडी काढ. थांबू नकोस.”

सुनीताबाईंनी नातवाला घट्ट धरलं. “दृष्ट उतरल्याशिवाय पोर उंबऱ्याबाहेर जायचं नाही. आणि तू हात लावू नकोस त्याला.”

“आई, अहो, ती नर्स आहे!”

“म्हणूनच म्हणते.”

कुशलचे ओठ निळसर दिसायला लागले होते. या बायकांना गदागदा हलवावं असं अनुयाला वाटलं, पण तेवढा वेळ नव्हता. ती सुनीताबाईंच्या समोर फरशीवर बसली.

“हो काकू. माझीच लागलीय.”

बायका दोन पावलं मागं सरकल्या.

“मला मूल नाही. तुमचा कुशल बघितला आणि माझा जीव जळला.” यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं होतं आणि तेच बोलताना तिचा आवाज फाटला. “आता कशी उतरेल ते मलाच ठाऊक. मी इथंच बसते. तुम्ही त्याला हॉस्पिटलात न्या. माझ्यापासून जितकं लांब न्याल तितकी उतरेल. जा, लवकर जा!”

सुनीताबाई ताडकन उठल्या. आजवर अनुयाचं एक अक्षर न ऐकणाऱ्या बाईनं हे मात्र शब्दन् शब्द खरं मानलं. मिनिटभरात गाडी निघाली.

अनुयानं अ‍ॅम्ब्युलन्स नको म्हणून कळवलं. बाकीच्या बायकांनी चपला घातल्या. जाताना कुणी तिला “येते गं” म्हणालं नाही. ती मात्र तशीच बसून राहिली, जणू खरंच उठली तर काहीतरी होईल.

तासाभरानं वल्लरीचा मेसेज आला. “ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. थँक्यू गं.”

अनुया त्या रिकाम्या स्वयंपाकघरात मोकळेपणानं रडली. डोळे पुसते तोच फोन पुन्हा वाजला. वल्लरीचाच मेसेज.

“उद्या तुझी ड्यूटी याच वॉर्डात आहे ना? प्लीज, बदलून घे.”