दुसरं गणित

"जॅकेट सापडलं," सर दारातूनच म्हणाले, आणि खिडकीपाशी बसलेल्या बाईंकडे लक्ष जाताच जीभ चावून गप्प झाले.

त्या पाणकोंबड्याच्या आई. वर्गाने मुलाला हे नाव ठेवलं होतं, कारण तो जमिनीवर कमी आणि पाण्यात जास्त असायचा. काल दुपारी विद्यापीठाच्या होडीवरून तो समुद्रात पडला. बातमी कळताच बाई आल्या, त्या प्रयोगशाळेतून हलल्याच नव्हत्या. वसतिगृहात खोली उघडून दिली, तिकडे गेल्या नाहीत. समोरच्या चहावर साय धरली होती.

संगणकापाशी बसलेली मुलगी त्याच्याच वर्गातली, प्रकल्पातली जोडीदार. सर तिच्या कानाशी वाकले. "रिकामं आहे. बंद तुटलेत."

समुद्रकाठचं हे तंत्रज्ञान विद्यापीठ दोघांनी एकाच हट्टाने निवडलं होतं. इथे मुलांना पुस्तकाआधी पाण्यात उतरवतात. दोघांचा प्रकल्प होता बुडालेला माणूस शोधण्याचा. माणसाएवढे कापडी पुतळे समुद्रात सोडायचे, त्यांच्या गळ्यात यंत्र बांधायचं, आणि ते कुठे वाहत जातात ते पडद्यावर बघायचं. पुतळे दोन जातींचे. हलका पुतळा म्हणजे अंगातल्या लाइफ जॅकेटमुळे तरंगणारा जिवंत माणूस. तो वाऱ्याबरोबर उत्तरेला जातो. जड पुतळा वाऱ्याला जुमानत नाही. तो पाण्याखालून प्रवाहाबरोबर दक्षिणेला, खडकांकडे सरकतो. पुतळे दोन, म्हणून गणितंही दोन. जड पुतळा म्हणजे कोण, हे प्रकल्पाच्या अहवालात दोघांनी कुठेही सरळ लिहिलं नव्हतं.

काल हलका पुतळा होडीत ओढून घेतानाच पाणकोंबड्याचा तोल गेला. समुद्राला अचानक उधाण आलं होतं. त्याची जोडीदारही होडीतच होती. दोर फेकला, तो आखूड पडला. त्याचा हात दिसला, मग एक लाट आली, मग हात दिसला नाही.

बचाव दलाच्या अधिकाऱ्याकडे बोटी होत्या, पण एवढ्या पाण्यात जायचं कुठे? त्याची सगळी भिस्त तिच्या गणितावर. कालपासून तो फोन करून एवढंच विचारायचा, "कुठे बघू?" ती नकाशावर फुली मारायची. प्रत्येक फुली उत्तरेला.

"दुसरं मांडायला हवं," सर पुटपुटले. "प्रवाह फिरला की सगळं खोल समुद्रात जाईल. मग काहीच हाती लागणार नाही."

"त्यांच्यासमोर?"

सरांनी खिडकीकडे पाहिलं. मग घसा खाकरून मोठ्याने म्हणाले, "पहिलंच चालू दे."

फोन वाजला.

"कुठे बघू?" अधिकाऱ्याने विचारलं.

"उत्तरेलाच."

रिकामं जॅकेट पाण्यातून त्यानेच उचललं होतं. "नक्की?"

"नक्की," ती म्हणाली.

बोटी उत्तरेला गेल्या. पडद्यावर बोटींचे दोन ठिपके खडकांपासून दूर दूर सरकू लागले. सर खुर्चीत बसले आणि हातातल्या चाव्या उगाच मोजत राहिले. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

खिडकीपाशी खुर्ची करकरली. बाई उठल्या, टेबलांना हात लावत लावत संगणकापाशी आल्या.

"पोरी, जॅकेट रिकामं आलं ना?"

"काकू, तुम्ही बसा ना. तो सापडेल. पोहण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही इथे."

"दुसरं मांड."

"दुसरं काय, काकू?" ती म्हणाली. ती वेड पांघरून बसली.

"तुमचे पुतळे कोणी शिवले?" बाईंनी विचारलं. "बाहेरून शिवून आणले, असं सांगितलं असेल त्याने. आईने शिवले म्हटलं तर पोरं हसतील, ही भीती. माझ्याच मशीनवर शिवलेत ते. हलक्यांत मी स्पंज भरला, जडांत वाळू. हे वाळूचं धूड कशाला रे, म्हणून विचारलं, तर नुसता हसला. खनपटीला बसले तेव्हा सांगितलं." त्या थांबल्या. पदर मुठीत घट्ट धरला होता. "वाळूवाला कोण असतो, ते मला माहीत आहे. कालपासून तुम्ही माझं मन राखायला भलतीकडे शोधताय. पुरे झालं. मला तो हवाय. कसाही असला तरी हवाय."

सरांनी तोंड भिंतीकडे केलं.

तिने पहिलं गणित पुसलं. आकडे चुकत होते. खोडून पुन्हा घातले. बाई मागे उभ्या होत्या. त्यांचा हात तिच्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला. दक्षिणेला, खडकांच्या आतल्या अंगाला तिने फुली मारली आणि फोन लावला. अधिकाऱ्याने या वेळी एका शब्दानेही काही विचारलं नाही. पडद्यावरचे ठिपके वळले.

उजेड होता तोवरच त्याचा फोन आला.

"सापडला," तो म्हणाला. "फुली मारलीस, बरोबर तिथेच."

तिच्या खांद्यावरची बाईंची बोटं रुतत गेली. दलातल्या नव्या पोरांनी काम चोख केलं की अधिकारी जे म्हणायचा, तेच सवयीने त्याच्या तोंडून गेलं.

"शाबास."