उसनी लाळ

"शाल्मली, तू धावायचं नाहीस," घोरपडे मॅडम जनुक-अहवाल वाचत म्हणाल्या. "तुझ्या हृदयाचं एक प्रथिन चुकीचं बनतंय. जोरात धावलीस तर हृदय बंद पडेल!"

शर्यतीआधीच्या तपासणीत नापास व्हायच्या भीतीने शाल्मलीने नळीत स्वतःची लाळ दिलीच नव्हती. शाळेतली सगळ्यात वेगवान मुलगी, तिची जिवलग नूपुर, हिची दिली होती.

"घे गं, माझी थुंकी म्हणजे सुवर्णपदक!" नूपुर तेव्हा खिदळली होती. गेल्या वर्षीची विजेती म्हणून तिला स्वतःला तपासणी माफ होती.

बाहेर शर्यतीची शिट्टी वाजली.

"मॅडम, ती लाळ नूपुरची आहे!" असं किंचाळत शाल्मली मैदानाकडे सुटली.

नूपुर सगळ्यांच्या पुढे होती. आजवर तिला कुणीच गाठू शकलं नव्हतं.